पहिली गाडी, तीही जुनी : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

यंदा जुन्या छोट्या गाड्यांबद्दल इतकी पत्रं आली की सगळी उत्तरं एकाच लेखात देतो. गोंधळाचं एक कारण उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच हवा. विकणाऱ्यांपैकी बरेच जण मात्र अजून आधीच्याच हिशेबानं बोलतात. म्हणून भाव करायला बसण्यापूर्वी त्याच गाडीची आजची शोरूममधली किंमत माहीत करून घ्या.

प्रश्न : माझी नोकरी एमपी नगरमध्ये, घर कोलार रोडला. बचत अडीच लाख. आमच्या घरात आजवर कुणी चारचाकी घेतलेली नाही. एका दलालानं २०१६ ची ऑल्टो ८०० दोन लाख चाळीस हजारांना दाखवली. गाडी चकचकीत आहे. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच टोकन द्या, असं तो म्हणतो. देऊ का?
– एक वाचक, कोलार रोड

उत्तर : ताई, टोकन देऊ नका. हे दुसरं गिऱ्हाईक मी तीस वर्षं ऐकतो आहे. ते खरंच आलं आणि गाडी घेऊन गेलं, तरी तुमचं काही बिघडत नाही. भोपाळमध्ये ऑल्टोला तोटा नाही.

आधी पैशांचं बघू. अडीच लाख जवळ असतील तर गाडी दोन, फार तर सव्वादोन लाखांची बघायची. उरलेले पैसे पहिल्या दोन महिन्यांत लागतातच. छोट्या गाडीचे चार टायर साधारण दहा ते चौदा हजार, बॅटरी चार हजारांच्या आसपास, क्लच प्लेटचं काम निघालं तर मजुरीसकट पाच-सात हजार. शिवाय विमा, नाव चढवण्याचा खर्च, पहिली सर्व्हिसिंग. सगळी बचत दलालाच्या हातात देऊन घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची गाडी दारात उभी राहते, कारण ब्रेकचं काम करायला पैसे नसतात. असं तुमचं होऊ नये.

ऑल्टो ८०० वाईट नाही. सुटे भाग कुठल्याही गल्लीत मिळतात आणि तिच्यावर हात न फिरवलेला मिस्त्री शोधून सापडायचा नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. या ७९६ सीसीच्या इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो, तर ऑल्टो के-१० च्या इंजिनात साखळी. पट्टा लाखभर किलोमीटरच्या आत बदलावा लागतो. तो कधी बदलला, हे मालकाला सांगता आलं नाही तर बदललेलाच नाही असं समजून पैसे धरा. चालत्या गाडीत पट्टा तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडतं.

आता गाडी कशी बघायची. सकाळी जा, आणि मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं आहे. थंड इंजिन खरं बोलतं; गरम झालेल्या इंजिनात अर्धे आवाज दबतात. गाडी सुरू झाली की मागे जाऊन धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काळजीपूर्वक उघडा. तिथून धुराचे झोत येत असतील तर रिंगा गेल्यात. झाकणाच्या आतून ताकासारखा पांढुरका थर असेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंगाला भुलू नका. दाराचं रबर थोडं ओढून आतली कड बघा. कारखान्यात मारलेले वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर बॉनेट कधीतरी उतरवलं गेलंय. काचांवरचे बारीक आकडे वाचा. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, हे फार कमी लोक करतात. गाडी पुरात बुडालेली असेल तर गुंडाळलेल्या पट्ट्याच्या तळाशी चिखलाची रेघ सापडते. २००५ च्या मुंबईच्या पावसात, २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, आठवा. त्यांतल्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. काही धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात.

चालवून बघायला भोपाळसारखं गाव नाही. पॉलिटेक्निक चौराह्यावरून शामला हिल्सच्या चढाला लागा आणि गिअर दुसराच ठेवून जोर द्या. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी त्या मानानं ओढत नाही, असं वाटलं तर क्लच प्लेट संपत आलीय. वर मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. मग तलावाकाठच्या व्हीआयपी रोडवर या. रस्ता सपाट आहे, तिथे गाडी आपोआप एका बाजूला जाते का ते कळेल. तुम्हाला चालवायचा सराव नसेल तर ओळखीच्या, आणि दलालाशी देणंघेणं नसलेल्या, मिस्त्रीला सोबत न्या. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. हे पैसे वाचवू नका.

शेवटी जुनी विमा पॉलिसी मागा. तिच्यावर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. २० पासून चढत तो ५० पर्यंत जातो. ५० टक्के म्हणजे मालकानं सलग पाच वर्षं भरपाई मागितलेली नाही. शून्य दिसला तर गेल्या वर्षी काय झालं ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. दुसऱ्या गाडीवरूनही तो आणता येतो, म्हणून याला पक्का पुरावा मानू नका. पण एक धागा हाती लागतो.

प्रश्न : शेजारी भेलमधून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांची २०१३ ची वॅगन आर फक्त सव्वीस हजार किलोमीटर चाललेली आहे. एकहाती, घरातच उभी. आमच्यासाठी ही लॉटरीच ना?
– एक शिक्षक, पिपलानी

उत्तर : मालक चांगला आहे, कागद सरळ असणार. हे मोठं भाग्य आहे. पण कमी चाललेली गाडी म्हणजे ताजी गाडी नव्हे. टाउनशिपमध्ये घर ते गेट, गेट ते घर एवढंच चाललेलं इंजिन कधी नीट तापत नाही. न तापलेल्या इंजिनात ओल आणि अर्धवट जळलेलं इंधन ऑइलमध्ये मिसळतं आणि आत काळा गाळ साचतो. रबर तर चाललं नाही तरी म्हातारं होतंच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१३ लिहिलं असेल तर टायर २०१३ च्या तेविसाव्या आठवड्यातले, म्हणजे मूळचेच. वर नक्षी नव्यासारखी दिसली तरी ते बदला.

गाडी जरूर घ्या. काकांशी भाव करताना टायर, सगळे पट्टे, होजपाइप, ब्रेक ऑइल, कूलंट आणि बॅटरी एकदम बदलायची आहे हे मनात धरा. पहिलं इंजिन ऑइल हजार किलोमीटरलाच पुन्हा बदला. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०२८ मध्ये फिटनेस करून ती वाढवावी लागेल. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फीच पाच हजार झाली आहे. तोही खर्च भावात धरायला हरकत नाही. काका समजून घेतील.

प्रश्न : दिल्ली पासिंगची डिझेल गाडी इथे फार स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?
– एक वाचक, बैरागढ

उत्तर : तुमची पहिलीच गाडी आहे आणि फिरणं शहरातलं, तर नको. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ते बंद केले. पुढे त्या आदेशांत फेरफार झाले, पण त्या भीतीनंच तिथल्या कितीतरी गाड्या बाहेरच्या राज्यांत आल्या. म्हणजे स्वस्त असण्याचं कारण गाडीच्या तब्येतीत असेलच असं नाही. अडचण कागदांची आणि डिझेलची आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात हवी. इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि मध्य प्रदेशाचा कर भरावा लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची नवी नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. आणि डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर बिघडला तर स्वस्तात मिळालेली गाडी एका बिलात महाग होते. रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्यानं डिझेलचा विचार करावा.

प्रश्न : गाडी घेतली, पैसे दिले. विकणारा सीहोरचा. त्यानं फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि म्हणाला, नाव सवडीनं चढवून घ्या. आठ महिने झाले. काही धोका आहे का?
– एक वाचक, करोंद

उत्तर : धोका आहे, आणि तो दोघांनाही आहे. हे उत्तर सगळ्यांनी नीट वाचावं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकणाऱ्यानं चौदा दिवसांत, दुसऱ्या राज्यात विकली तर पंचेचाळीस दिवसांत, आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्यानं तीस दिवसांत. तुम्ही दोघांनीही मुदत ओलांडली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर आली. म्हणजे उद्या तुमच्या हातून अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा सीहोरच्या त्या माणसावर पडू शकतो. तुमच्या बाजूनं बघाल तर विमा अजून त्याच्या नावावर आहे. गाडी झाडावर आदळली किंवा चोरीला गेली तर तुमचा दावा कंपनी नाकारू शकते. विमा नावावर करून घेण्यासाठी विक्रीपासून चौदा दिवसांची मुदत असते, तीही गेली. शिवाय आठ महिन्यांत त्याचं काही बरंवाईट झालं तर वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल.

माझ्या जवळच्या एका कुटुंबानं अशीच गाडी घेतली होती. आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, कारण कर्ज फिटलेलं नव्हतं. एके सकाळी वसुलीची माणसं दारात आली. गाडीही गेली आणि दिलेले पैसेही. ती चूक कागद बघितले असते तर पाच मिनिटांत कळली असती. तेव्हापासून मी गाडीआधी आरसी मागतो.

तुम्ही आता असं करा. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, बोजा, विम्याची तारीख आणि थकलेले ई-चलन बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवा. मग विकणाऱ्याला सोबत घेऊन आरटीओचं काम संपवा, आणि नाव चढताच विमा बदलून घ्या. उशिराचा दंड लागला तर लागू दे.

ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत त्यांच्यासाठी एक सोय आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घेण्याचा नियम आला. अशा व्यापाऱ्याकडे मालकानं गाडी दिली की ती फॉर्म २९-सी वर कळवायची असते आणि तिथून जबाबदारी त्या व्यापाऱ्याची. दुकानात गेल्यावर आधी ते प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर गाडीच्या मूळ मालकाला भेटल्याशिवाय व्यवहार करू नका. आणि सगळी रक्कम बँकेतूनच द्या. थोडी रक्कम नाव चढेपर्यंत हातात राखता आली तर फारच उत्तम.

प्रश्न : मुलगी कॉलेजसाठी गाडी मागते आहे. आमचं बजेट तीन लाख. सुरक्षित छोटी गाडी असते का?
– एक आई, अरेरा कॉलनी

उत्तर : असते, पण वर्ष बघून घ्यावी लागते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. ऑल्टो ८००, आय-१०, नॅनो, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. २०२२ पासून बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आहेत. म्हणून तुमच्या बजेटात २०१९ च्या जुलैनंतरचीच गाडी शोधा, मग ती थोडी जास्त चाललेली असली तरी चालेल. टाटाच्या टियागोला जानेवारी २०२० च्या चाचणीत चार तारे मिळाले होते. तुमच्या पैशांत तशी मिळाली तर आधी ती बघा.

एअरबॅग आहे असं तोंडी ऐकून थांबू नका. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता स्विच ऑन करा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर आतली एअरबॅग एकदा फुटून गेली असावी आणि कुणीतरी दिव्याची तार काढून ठेवली असावी. तिथूनच परत या. गाडी आली की मुलीला आणि मागे बसणाऱ्या तिच्या मैत्रिणींनाही पहिल्या दिवसापासून बेल्ट लावायला सांगा. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते.