देवदूताचे नाणे

आमच्या शाळेतल्या नकाशात इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात एक छोटा ठिपका आहे. गुरुजींनी पट्टी ठेवून दाखवला. ते आईल ऑफ मॅन बेट. एकत्र जोडलेले तीन पाय हे त्या बेटाचे चिन्ह आहे. पाय पळतायत असं वाटतं.

या बेटाने १९८४ साली सोन्याचे नाणे काढले. त्याचे नाव एंजल, म्हणजे देवदूत. त्यावर मायकेल नावाचा देवदूत ड्रॅगनला मारतो आहे. ड्रॅगन म्हणजे गोष्टीतला पंखवाला मोठा सर्प.

हे चित्र जुने आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याने १४६५ साली असेच नाणे काढले होते. त्याच्या मागच्या बाजूला जहाज होते. किंमत ६ शिलिंग ८ पेन्स. तेव्हा १२ पेन्सचा १ शिलिंग आणि २० शिलिंगांचा १ पौंड होई. मी पाटीवर गणित केले. ३ एंजल म्हणजे बरोबर १ पौंड! तुम्हीपण करून बघा.

नव्या एंजलने कोणी बाजार करत नाही. मोठ्या नाण्यात सुमारे ३१ ग्रॅम सोने असते, म्हणजे अडीच तोळ्यांहून जास्त. सोन्याचा भाव चढला की त्याची किंमत चढते. माझी आजी पुतळ्यांची माळ डब्यात जपते, तसेच लोक ते जपतात.

जुन्या एंजलची एक गोष्ट मला फार लक्षात राहिली. तेव्हा कोणाला गंडमाळ झाली की इंग्लंडचा राजा त्याला हात लावायचा, आणि भोक पाडलेले एंजल फितीत ओवून गळ्यात घालायचा. त्याने रोग बरा होतो असे लोक मानत.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या मानेला गाठी आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, गंडा बांध. आईने बांधला, पण गाठी वाढल्या. मी रात्री रडलो. मग बाबा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ही क्षयाची गंडमाळ आहे, जंतूंनी होते. आईने सहा महिने एकही दिवस न चुकता गोळ्या घेतल्या. आता ती बरी आहे आणि शेतात जाते.

राजाच्या सोन्याने जे झाले नाही ते गोळ्यांनी झाले. नाणे बघायला छान आहे, पण मानेला गाठ आली तर दवाखान्यातच जावे.

— इयत्ता चौथी