खुर्चीत वाढणारे पोट

"डॉक्टर, माझे जेवण तर काहीच नाही, मग वजन वाढते कसे?" हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानी पडतो. विचारणारी मंडळी बहुधा चाळिशीच्या आसपासची असतात. कोणी पंचायत समितीत, कोणी पतसंस्थेत, कोणी साखर कारखान्याच्या कार्यालयात, तर कोणी दिवसभर संगणकापुढे बसणारी. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एका पिढीपूर्वी असे रुग्ण थोडे दिसत. आता ते रोज दिसतात.

एका पतसंस्थेतील कारकुनाचे उदाहरण घेऊ. वय ४२, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर. आले होते पाठदुखीसाठी. उपाशीपोटीची साखर तपासली तर ११४ निघाली. १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्यापुढे दोनदा आली की मधुमेह. म्हणजे गृहस्थ उंबरठ्यावर उभे होते. ते म्हणाले, "आमचे वडील एका बैठकीला तीन भाकरी खायचे. त्यांना कधी साखर झाली नाही." खरे आहे. पण वडील सकाळी मोटेवर किंवा नांगरामागे असत आणि बाजारालाही पायी जात. मुलाने नोकरी धरली, मोटारसायकल घेतली. ताट मात्र वडिलांचेच ठेवले. आपल्या भागातल्या सुटलेल्या पोटांचे निम्मे कारण या एका वाक्यात आहे.

बसून राहण्याचा प्रश्न नवा नाही. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होत असल्याचे त्यांना आढळले. पुढे त्यांनी गणवेशांची मापेही तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेत अधिक रुंद निघाल्या. गंमत अशी की बरेच चालक नोकरीला लागतानाच जाड होते. तेव्हा सगळा दोष खुर्चीवर टाकता येत नाही. पण नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोराच दिला आहे.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९ टक्के, तर याज्ञिकांची २१ टक्के! भारतीय माणूस हातापायाने किरकोळ दिसला तरी त्याच्या पोटात चरबी साठलेली असू शकते. म्हणून मी काट्याइतकाच टेपवर विश्वास ठेवतो. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी. शिंप्याकडची टेप चालते.

आता सुरुवात कशी करायची? बहुतेकांना वाटते की उद्यापासून पळायला लागले की झाले. हिशेब पाहा. पाऊण क्विंटल वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १३० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. तासभर चालून आल्यावर स्टँडवर एक वडापाव खाल्ला तर जमाखर्च उलटाच होतो. वजन मुख्यतः ताटात उतरते. चालणे हवेच, पण ते हृदयासाठी, साखरेसाठी आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून.

आमच्या कारकूनसाहेबांना मी एक आठवडा फक्त लिहायला सांगितले. काहीही सोडायचे नाही, जे तोंडात जाईल ते वहीत मांडायचे. हिशेबाचा माणूस, त्यांनी चोख मांडले. चहा निघाले दिवसाला सहा. प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे रोज ६० ग्रॅम, महिन्याला जवळजवळ पावणेदोन किलो साखर नुसत्या चहातून! शिवाय चार वाजता कोणी ना कोणी भेळ किंवा फरसाण आणतो आणि टेबलावर कागद पसरतो. ही खाणी "जेवणात" धरलेलीच नव्हती.

आम्ही तीनच बदल ठरवले. चहा दोन, अर्धा चमचा साखर घालून. कार्यालयात आलेल्या पाहुण्याबरोबर घ्यावा लागला तर अर्धा कप. नको म्हटले तर माणसे दुखावतात, हे मला ठाऊक आहे. चार वाजता फरसाणाऐवजी पेरू, काकडी किंवा मूठभर भाजलेले चणे. आणि रात्री तीन भाकरींऐवजी दीड, पण त्यासोबत पालेभाजी दुप्पट आणि वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. भाकरी वाईट नाही. बाजरीची भाकरी पोट भरते आणि चपातीवर जाणारे तेलही वाचते. मासवडीचा बेत असेल त्या दिवशी अवश्य खावी, पण मासवडी खाल्ल्यावर वर भाताचा डोंगर नको. घरात तेल किती येते तेही पाहावे. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरेसे आहे.

उपवासाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ओझर आणि लेण्याद्री आपल्या तालुक्यात, तेव्हा संकष्टी घरोघरी. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट, तूप, बटाटा आणि जोडीला तळलेला चिवडा. असा उपवास वजन वाढवतो. ताक, फळ आणि मोजकी भगर यावर तो छान होतो.

नोकरी करणाऱ्या भगिनींचे गणित वेगळे. पहाटे उठून डबे करायचे, आठ तास खुर्ची, पुन्हा स्वयंपाक. त्यांना "फिरायला जा" म्हणणे सोपे आहे. त्यांच्या बाबतीत घरच्यांनी संध्याकाळचा अर्धा तास मोकळा करून द्यावा, हाच खरा औषधोपचार. आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून बाईने संपवायचे, ही रीत बंद करावी.

चालण्याचे म्हणाल तर पहिला आठवडा रोज दहाच मिनिटे, जेवणानंतर. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर यावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा वेग हवा. कार्यालयात दर अर्ध्या तासाने उठावे, फाइल शिपायाकडून न मागवता स्वतः आणावी. एक इशारा आपल्या भागापुरता: पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने एकटे फिरायला जाऊ नका. बिबट्याची भीती खरी आहे. उजाडल्यावर, वस्तीच्या रस्त्याने, सोबतीने जावे.

महिन्याला दोन किलोच्या पुढे उतरवण्याची घाई नको. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, त्यात बरेचसे पाणीच असते. नंतर तो अडतो आणि माणसे नाद सोडतात. काटा अडला तरी लाभ थांबत नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणे सुधारले, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. वजन मात्र फारसे उतरले नव्हते. आमच्या कारकुनांचे चार महिन्यांत पाच किलो उतरले, कंबर ९४ वर आली आणि साखर १०१ झाली. अजून चार सेंटिमीटर बाकी आहेत.

ज्यांना चालताना छातीत दडपण येते किंवा दम लागतो, त्यांनी आधी तपासून घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते. थोड्या दिवसांत वजन फार वाढले असेल, थंडी सोसवत नसेल, अंगावर सूज असेल तर थायरॉइडची तपासणी करावी. सांधेदुखीवर कोणाकडून पुड्या घेत असाल तर त्याही डॉक्टरांना दाखवा. त्यांत स्टेरॉइड असल्यास वजन त्यानेच वाढत असते. मात्र अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.