डोक्याचा जुना मार केस पेपरवर हवा

१९८७ साली स्कूटरच्या मागच्या चाकात पदर अडकून मी रस्त्यावर आपटले. डोक्याला मार लागला, काही तास शुद्ध नव्हती. टाके निघाले, मी पुन्हा बँकेत जाऊ लागले आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. वास येणं तेवढं कायमचं गेलं.

साठीनंतर मात्र चार जण एकदम बोलू लागले की मला काही उमजेना. चटकन संताप यायचा, जिना उतरताना तोल जायचा. "वयच झालं आता," असं सगळे म्हणत. मेंदूविकारतज्ज्ञांनी जुना अपघात खोदून विचारला, तेव्हा उलगडा झाला. तरुणपणी मेंदू शिलकीतून भागवतो. वय वाढलं की शिल्लक आटते आणि जुनी तूट दिसू लागते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याच्या दुखापतीचा समावेश केला. धोका वाढतो, म्हणजे तो आजार होतोच असं नाही. म्हणून घाबरू नका, सावध राहा.

डॉक्टरांना शुगर-बीपी सांगता, तसा जुना मारही सांगा: साल कोणतं, शुद्ध किती वेळ हरपली, नंतर फिट आली का. विसराळूपणाला वयाचं लेबल लावण्याआधी थायरॉइड, बी-१२, कान, झोप आणि मनाची उदासी तपासून घ्या. यांवर उपाय असतात. झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. वास येत नसेल तर रात्री गॅसचा रेग्युलेटर न चुकता बंद करा.

दुसरा मार टाळणं सर्वांत महत्त्वाचं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा, मागे बसतानाही हेल्मेट घाला. उतारवयात मेंदू आक्रसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ आपटल्यानेही आत हळूहळू रक्त साचू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी. पडल्यावर काही आठवड्यांनीही डोकेदुखी, सुस्ती, असंबद्ध बोलणं किंवा पाय ओढत चालणं दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सीटी स्कॅनमध्ये ते रक्त दिसतं आणि वेळेत काढलं तर बहुतेक माणसं सावरतात.

डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. पुढच्या तपासणीला आपणहून सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्यायला लावा.