पामीरला निघालेल्या भाचीला

सायकल कुठली, हे तू तिसऱ्यांदा विचारतेयस. स्टीलची घे आणि विषय संपव. खरं दुखणं मागच्या चाकाचं. सगळा लोड त्याच्यावर असतो, त्यामुळे 36 आऱ्यांचीच रिम हवी. चार-सहा जादा आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांध. पामीरमध्ये माझा आरा तुटला तो नेमका चेनच्या बाजूचा. कॅसेट काढल्याशिवाय तो बदलता येत नाही, आणि ती काढायचा पाना राहिला होता घरी, देवघराशेजारच्या फडताळात. मागचा ब्रेक सैल सोडून, लंगडत्या चाकाने, शेवटी ट्रकला हात करून मुरगाब गाठलं.

दुशान्बे ते ओश साधारण 1200 किलोमीटर. व्हिसा वेगळा, गोर्नो-बदख्शानचा परवाना वेगळा. त्याच्या पाच-सहा झेरॉक्स ठेव आणि किर्गिझ सरहद्द उघडी आहे ना, हे निघायच्या आधी विचारून घे. पंज नदीच्या काठाने जाशील तेव्हा पलीकडे अफगाणिस्तान दिसेल. डोंगराचे फोटो हवे तितके काढ, शिपायाचा किंवा चौकीचा एकही नको.

खोरोग 2100 मीटरवर. तिथून पुढची कोयतेझेक खिंड 4270 च्या आसपास आणि अक-बैताल 4655. तू दर रविवारी सिंहगड मारतेस, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट दमदार पोरंच आधी आडवी होतात, कारण ती थांबत नाहीत. 3000 च्या वर गेलीस की आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही. डोकं दुखलं तर मुक्काम तिथेच. चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतर. आणि उजाडताच सायकलवर बस, दुपारचा वारा तोंडावर आला की पायी चाललेलं परवडतं.

खाण्याचं सांगतो. 'बे गूश्त' शीक, म्हणजे बिनमांसाचं. ताजिक ही फारसीच, त्यामुळे हवा, बाजार, गरम हे सगळे ओळखीचे भेटतात. मुरगाबकडे किर्गिझ वस्ती बरीच, तिथे भाषा बदलते. 'रहमत' मात्र दोन्हीकडे चालतं. नान हाताने मोडायचा, पालथा ठेवायचा नाही.

रस्त्यात लोक चहाला बोलावतील. बूट काढून आत जा. प्याला अर्धाच भरतील. मला पहिल्यांदा वाटलं, कंजूष दिसतात! आपल्याकडे अर्धा कप दिला तर पाहुणा गावभर सांगेल. तिथे उलटा हिशेब: अर्धा प्याला म्हणजे पुन्हा पुन्हा भरायचं निमित्त, बस निवांत. काठोकाठ भरलेला आला की समजायचं, आता निघा.

मुरगाबला फारसं काही पिकत नाही, पीठसुद्धा ट्रकने येतं. तेव्हा चहा पी, तुकडाभर नान खा, पण दस्तरखानावरचं, म्हणजे समोर अंथरलेल्या कापडावरचं, सगळं संपवू नकोस. मुक्कामाच्या घरी पैसे ठरवून दे. नुसता चहा पाजणारा मात्र पैसे घेणार नाही, त्याच्यासाठी आईकडून सुयांची दोन-चार पाकिटं घे; वजन काहीच नाही आणि गावात लागतात.

तो कॅसेटचा पाना फडताळातून काढून ठेवलाय. शनिवारी चाक घेऊन ये, आरा बदलायला शिकवतो.