भांगेची गोळी, गांजाचा कायदा आणि आपली मुले

साधारण वीस वर्षांपूर्वीची महाशिवरात्र. रात्री दहाच्या सुमारास लिंबायतमधील एक खानदेशी कुटुंब तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मूल पेंगुळलेले, उभे केल्यास झोकांड्या देणारे, डोळे लाल, नाडी जलद. ताप मात्र नाही. काही खाण्यात आले का, असे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा ठाम नकार मिळाला. मेंदूज्वराच्या शंकेने स्कॅन झाला, पाठीतून पाणी काढले गेले. दोन्ही तपासण्या निर्दोष. पहाटे आजीने मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, पोलीस केस तर होणार नाही ना?" आणि मग देवघराजवळ ठेवलेल्या भांगेच्या गोळ्यांची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी मूल हसत घरी गेले. त्याच्या पाठीत सुई गेली ती रोगापायी नव्हे, घरच्यांच्या भीतीपायी, हे शल्य मला आजही आहे.

त्या काळी गुजरातेत भांगही दारूबंदी कायद्याच्या कक्षेत होती. २०१७ साली शासनाने ती वगळली. गांजा आणि चरस मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली देशभर निषिद्ध आहेत. हा कायदा अमलात आला १४ नोव्हेंबर रोजी, म्हणजे नेमक्या बालदिनी! त्याच्या व्याख्येत एकाच झाडाचा फुलोरा गुन्हा ठरतो, पाने ठरत नाहीत. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प' मानला जातो, तरी तो जवळ बाळगल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. महाविद्यालयीन मुलगा एका पुडीसह सापडला, तर गांजापेक्षा खटलाच त्याचे आयुष्य अधिक नासवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा साक्षेपी अभ्यास फार पूर्वी झाला आहे. १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, परवाना, कर व मर्यादा यांनी नियंत्रण करावे, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी लोक भांग, गांजा वा चरस घेतात. एवढ्या लोकांना तुरुंगात घालणे अशक्य. मग विक्री कोणाच्या हाती राहावी, एवढाच प्रश्न उरतो. बंदीत बाटलीत काय आहे हे कोणी तपासत नाही, हे २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद परिसरात विषारी दारूने गेलेल्या बळींनी आपल्याला दाखवलेच आहे.

बालरोगतज्ज्ञ असून मी ही बाजू घेतो, याचे काही सहकाऱ्यांना नवल वाटते. पौगंडावस्थेतील मेंदूला गांजा घातक आहे, तीव्र गांजाच्या नित्य सेवनाने मनोविकृतीचा धोका वाढतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पुडी विकणारा वय विचारत नाही; परवानाधारकाला ते विचारावे लागते. केवळ परवाने देऊन भागत नाही, हेही खरे. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला. पुढे गांजायुक्त मिठाई विक्रीस आली आणि लहान मुलांच्या विषबाधा वाढल्या. क्विबेक प्रांताने तशा गोड पदार्थांना मनाई केली होती. तेथे ही वाढ पुष्कळ कमी राहिली. म्हणजे वय, मात्रा, वेष्टन आणि रूप या चारही गोष्टी कायद्यात हव्यात. आपल्याकडील भांगेच्या गोळीवर मात्रेचा उल्लेख मी तरी पाहिलेला नाही. नुसती सूट म्हणजे नियमन नव्हे.

औषधाचेही तसेच आहे. याच वनस्पतीतील शुद्ध कॅनाबिडिऑलला अमेरिकेत २०१८ साली ड्रॅव्हे व लेनॉक्स-गॅस्टॉ या दुर्धर बालअपस्मारांसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे हताश पालक कसलेसे तेल मागवून माझ्यासमोर बाटली ठेवतात. त्यात घटक किती, हे मला सांगता येत नाही.

तूर्त एक व्यावहारिक विनंती. शिवरात्र वा होळीच्या आसपास ताप नसलेले, पेंगुळलेले, तोल जाणारे मूल आले, तर आईला किंवा आजीला एकटीला बाजूला घ्यावे आणि "मला फक्त उपचारासाठी हवे आहे" असे सांगून मगच विचारावे. लघवीची तपासणी करावी. यावर प्रतिविष नाही. श्वसन, रक्तशर्करा व तापमान यांवर लक्ष ठेवावे. बहुतेक मुले दीड दिवसात पूर्ववत होतात.