जिमीचा दूरदर्शन संच

मुलांनो, ध्वजदिन आला किंवा कोठे पूर आला, की शाळेत मदतनिधीचा डबा वर्गावर्गांतून फिरतो. आपण त्यात एक-दोन रुपये टाकतो. 'एवढ्याशा पैशांनी काय होणार?' असे तुमच्याही मनात आले असेल. आज तुम्हांला अशाच लहान नाण्यांची खरी गोष्ट सांगतो.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात मुलांचे एक मोठे रुग्णालय आहे. १९४७ साली तेथे डॉ. सिडनी फार्बर काम करत होते. मृत रुग्णांच्या शरीरातील पेशी तपासून रोगाचे कारण शोधणे, हे त्यांचे काम. रक्ताचा कर्करोग झालेली मुले तेव्हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. फार्बर यांना ते पाहवेना. जिवंत मुलांसाठी काही करता येईल का, याचा ते विचार करू लागले.

एका औषध कंपनीकडून त्यांना अमिनॉप्टेरिन हे औषध मिळाले. त्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख भारतीय होते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. फार्बर यांनी ते औषध १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांची प्रकृती सुधारली. पुढे रोग पुन्हा उलटला. पण या रोगाला औषधाने थोपवता येते, हे दिसून आले. आता संशोधन वाढवायचे, तर पैसा हवा होता.

२२ मे १९४८ रोजी रेडिओवर एक कार्यक्रम झाला. निवेदक हॉलिवूडमधून बोलत होता. बॉस्टनच्या रुग्णालयातील बारा वर्षांचा एक मुलगा त्याला उत्तरे देत होता. त्याच्या आतड्यांत कर्करोग होता. त्याचे खरे नाव कोणाला कळू नये, म्हणून त्याला 'जिमी' म्हटले होते. बोलता बोलता त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत आले. जिमीला केवढा आनंद झाला!

मग निवेदकाने श्रोत्यांना आवाहन केले. वीस हजार डॉलर जमले, तर जिमीला सामने पाहण्यासाठी दूरदर्शन संच मिळणार होता. तेव्हा असे संच फार थोड्या घरांत होते.

पैशांचा पाऊस पडला. मुलांनीही नाणी पाठवली. कित्येक पाकिटांवर फक्त 'जिमी, बॉस्टन' एवढाच पत्ता होता. त्या वर्षी २ लाख ३१ हजारांहून अधिक डॉलर जमले. जिमीला संच मिळालाच. शिवाय १९५२ मध्ये त्या निधीतून मुलांच्या उपचारांसाठी व संशोधनासाठी नवी इमारत उभी राहिली. हा निधी आजही चालू आहे.

आणि जिमी? तो केव्हाच वारला असेल, असे बहुतेकांना वाटत होते. पण १९९८ मध्ये, पन्नास वर्षांनी, एक धिप्पाड ट्रकचालक पुढे आला. त्याचे नाव आयनार गुस्ताफसन. तोच जिमी होता!

आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र तीसही बरी होत नाहीत. तेथे रोग उशिरा कळतो, औषधे मिळत नाहीत, पैशांअभावी उपचार अर्धवट सुटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही देशभरातून अशी मुले येतात.

ज्यांनी नाणी पाठवली, त्यांना जिमीचे खरे नावसुद्धा ठाऊक नव्हते. तरी त्यांनी हातभार लावला. पुन्हा डबा तुमच्यासमोर येईल, तेव्हा हे आठवा.

शब्दार्थ
निधी – जमवलेला पैसा
दगावणे – मरण पावणे
थोपवणे – रोखणे
आवाहन – विनंती करून बोलावणे
हातभार लावणे – मदत करणे

स्वाध्याय
१. डॉ. फार्बर यांना कोणती गोष्ट पाहवत नव्हती?
२. मुलाचे खरे नाव का लपवले होते?
३. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण या पाठाला कशी लागू पडते?
४. वाक्यात उपयोग करा : हातभार लावणे, पाहवेना.