जुन्या इंजिनाचा टापेट वाजतोय? आधी ऑइल बघा, मग पाना उचला



हरभरा-गव्हाची मळणी उरकली. मृगाला अजून वेळ आहे, तेव्हा ट्रॅक्टर-जीपची कामं काढायला हेच दिवस बरे. "इंजिन वरून टकटक वाजतंय, काय करू?" अशी विचारणा भोकरदन, बदनापूर, अंबड सगळीकडच्या सभासदांची असते, म्हणून आजचा संदेश त्यावर. थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचा. साध्या टापेटच्या आवाजासाठी कुणी पूर्ण इंजिन बांधून घेतं, आणि कुणी "टापेटच असेल" म्हणत खालचं बेअरिंग जाईपर्यंत गाडी हाकतं. दोन्हीत खिसा आपलाच रिकामा होतो.

*आवाज नक्की कुठला?*

कॅमशाफ्ट टापेटला ढकलतो, टापेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे कागदाच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. झिजून ही फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. तोच हा आवाज.

टापेटचा आवाज बारीक, कोरडा, शिलाई मशीनसारखा आणि वरच्या कव्हरमधून येतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ७५० फेऱ्यांच्या स्लोवर एक ढिला टापेट सेकंदाला साधारण ६ वेळा वाजतो. रेस केली की टकटक भराभर होते, पण नांगर लावला म्हणून फार वाढत नाही. उलट, आवाज जड, 'धप-धप' असा खालून येत असेल आणि लोडवर वाढत असेल तर तो बेअरिंगचा समजा. तिथे इंजिन लगेच बंद करा आणि टापेटच्या नादी लागू नका.

लांब पेचकसाचं टोक टापेट कव्हरवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की आवाज स्पष्ट ऐकू येतो. पंखा आणि पट्ट्यापासून लांब राहा. उपरणं, रुमाल, बाही आधी आवरून घ्या.

इंजेक्टरसुद्धा टकटक करतो आणि बरेच जण इथेच फसतात. जुन्या साध्या पंपाच्या इंजिनावर मेकॅनिक एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट थोडा ढिला करून बघतो. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज जातो, तिथे दोष इंजेक्टरचा किंवा खालचा, कारण टापेटला डिझेल तोडल्याने फरक पडत नाही. ही परीक्षा जाणकाराकडूनच करून घ्या, दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. *कॉमन रेल पिकअपवर तर हे अजिबात करू नका.*

*आधी ऑइल*

पट्टी काढून बघा. ऑइल कमी असेल तर रॉकरपर्यंत पुरेसं पोहोचत नाही आणि टापेट कोरडे वाजतात. खुणेच्या वर भरलं असेल तर तेही वाईट, क्रँक ऑइल फेसाळून काढतो. पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय, पातळी आपोआप वाढलीय? मग डिझेल आत उतरतंय, ते आधी दुरुस्त करा. तासांचा मीटर बंद असलेल्या ट्रॅक्टरला ऑइल कधी बदललं हे कुणालाच आठवत नसतं. टूलबॉक्समधे छोटी वही ठेवा. मळणीच्या भुश्यात आणि आपल्या काळ्या मातीच्या धुळीत चाललेल्या इंजिनाचं ऑइल लवकर खराब होतं, एअर क्लीनरही त्याच वेळी साफ करा.

ऑइल बदलताना फिल्टरही बदला आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. आवाज दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं 'टॉनिक' टाकू नका. जुनी गाडी विकणारे नेमकी हीच युक्ती करतात. त्यामुळे सेकंडहँड घ्यायला गेलात तर इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नसावं, थंड असताना स्वतः चालू करून ऐका. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन 'धुण्याची' पद्धतही सोडा. त्याने बेअरिंगवरची ऑइलची फिल्म जाते.

*तुमचा टापेट कोणता?*

आपल्याकडचे बहुतेक जुने ट्रॅक्टर आणि कमांडर, मार्शलसारख्या जुन्या डिझेल जीपना साधे टापेट आहेत, ते पान्याने सेट होतात. काही अलीकडच्या पिकअप आणि कारमधे हायड्रोलिक लिफ्टर असतात. ते ऑइलच्या दाबाने फट स्वतःच भरतात, त्यांना सेटिंग नसतं. रात्रभर उभ्या गाडीत ते सकाळी काही सेकंद वाजले तर काळजी नको. गरम झाल्यावरही वाजत राहिले तर ऑइल-फिल्टर बदला, इंजिन गरम करून काही मिनिटं मध्यम रेसवर ठेवा म्हणजे लिफ्टरमधली हवा निघते. आत गाळ साचला असेल तर दुसरं ऑइलही नेहमीपेक्षा लवकर बदला, बऱ्याचदा तेवढ्यात शांत होतात. नाही झाले तर ऑइलचा दाब गेजने मोजून घ्या, लिफ्टर त्यानंतर. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर यातलं काहीच नाही, गाडी जागेवर बंद.

*साधा टापेट सेट करताना*

फट किती हे अंदाजाने ठरवू नका. बऱ्याच ट्रॅक्टरमधे ती ०.२५ ते ०.४० मिमीच्या दरम्यान असते, पण तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकात किंवा डीलरकडे बघा. इनलेट-एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो, आणि थंड इंजिनवर की गरम हेही तिथेच लिहिलेलं असतं.

गिअर न्यूट्रल, स्टॉप ओढलेला, बॅटरीची वायर काढलेली. कव्हरवरची माती आधी पुसा, नाहीतर ती थेट इंजिनात पडते. इंजिन पुलीच्या नटाने चालण्याच्या दिशेनेच हाताने फिरवा. चार सिलिंडरला, १-३-४-२ क्रम असेल तर, चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना (एक बंद होतोय, दुसरा उघडतोय) पहिल्याचे सेट करा, आणि पहिल्याचे हलताना चौथ्याचे. दुसरा-तिसरा अशीच जोडी. तीन सिलिंडरला ही जोडी चालत नाही. तिथे ज्या सिलिंडरचं काम आहे त्याचा इनलेट उघडून पूर्ण बंद झाला की पुढे अर्ध्या फेऱ्याहून थोडं कमी फिरवा, पिस्टन वर येतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात.

फिलर गेजची पट्टी किंचित अडून सरकली पाहिजे. चेकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत पट्टी घालून बघायचीच.

सेट करूनही आवाज तसाच? मग रॉकरचं टोक बोटाने चाचपा. तिथे खड्डा पडला असेल तर सपाट पट्टी खड्ड्यावर आडवी बसते आणि खरी फट जास्तच राहते. रॉकर घासून किंवा बदलून घ्यावा लागतो. वाकडा पुशरॉड आणि रॉकर शाफ्टची बुजलेली ऑइलची भोकं हीसुद्धा नेहमीची कारणं.

आणि एक गोष्ट मेकॅनिकला बजावून सांगा: *आवाज घालवायला फट कमी करायची नाही.* थोडा वाजणारा टापेट हंगाम काढून देतो. आवळलेला व्हॉल्व्ह मात्र गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही, गॅस त्याच्या कडेने निसटतो, कड जळते आणि कॉम्प्रेशन जातं. मोसंबीच्या बागेत ब्लोअर ओढताना ट्रॅक्टर दम टाकू लागतो, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देतो, आणि तोवर हेड उतरवायची वेळ आलेली असते. हे सगळं होताना इंजिन अगदी शांत चालतं, हाच त्यातला धोका.

हेड गॅस्केटचं काम झालं असेल तर हेडचे बोल्ट पुस्तकात दिलंय तसे पुन्हा आवळून घ्या आणि टापेट परत तपासा. कव्हर बसवताना गॅस्केट चिरलेलं असेल तर नवीन लावा.

शंका असेल तर इंजिन थंड असताना चालू करून पहिल्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा आणि मॉडेल, अंदाजे तास, ऑइल कधी बदललं हे लिहून याच नंबरवर पाठवा.